भाजलेला अंगठा

कुंभाराचा हात मोडला त्याच साली गावात डबी आली. या दोन गोष्टी एका वेळी झाल्या नसत्या, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता. पण गोष्टी कुणाला विचारून होत नाहीत.

मातीची पाटी घेऊन खाणीतून वर येताना म्हाताऱ्याचा पाय घसरला आणि उजवं मनगट अंगाखाली आलं. सात आठवडे प्लास्टर होतं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाताला सात आठवडे चिखल लागला नाही. प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पांढराफटक, मऊ हात बघून लेकीला हसू आवरेना.

"बाबा, हा कुणाचा हात लावून दिलाय तुम्हाला? कारकुनाचा दिसतोय."

म्हाताऱ्यानं अंगठा उन्हात धरला. पेरावर बारीक बारीक गोल रेघा उठल्या होत्या. लेकीनं बापाच्या अंगठ्यावर रेघा कधी पाहिल्याच नव्हत्या. चाकावरच्या मातीत बारीक रेती असते, ती चाळीस वर्षं बोटांवरून फिरली की कातडं गारगोटीसारखं गुळगुळीत होतं. तिचीही बोटं आता त्याच वाटेला लागली होती. आई गेल्यापासून बापाच्या जोडीला चाकावर तीच बसत होती. नवरा घरातच राहत असला तरी मातीला शिवत नव्हता. मातीनं त्याच्या अंगाला खाज सुटते, असं तो म्हणायचा. खाज मातीची होती की सासऱ्याच्या घरात राहण्याची, हे ज्याचं त्याला ठाऊक.

त्याच आठवड्यात शाळेच्या ओसरीवर कंपनीचा माणूस आला. सोबत तळहाताएवढी काळी डबी, वर काच, काचेच्या आत दिवा. यापुढं जमिनीच्या कचेरीत कागद चालणार नाही, सही चालणार नाही, साक्षीदार चालणार नाही, फक्त अंगठा. ज्याची जमीन त्यानं आज अंगठा नोंदवायचा, म्हणजे ती कुलूपबंद झाली.

"कागद खोटा करता येतो, सही खोटी करता येते," कंपनीचा माणूस म्हणाला. "अंगठा कोण चोरणार? तो तुमच्या अंगालाच आहे. जगात दुसऱ्या कुणाकडे तो नाही आणि मरेपर्यंत त्यात बदल नाही. शंभर टक्के सुरक्षित."

"मेलेल्याचा लावला तर?" न्हाव्यानं विचारलं. गावात असे प्रश्न विचारायचा मक्ता त्याच्याकडेच होता.

"चालत नाही. काचेला रक्ताची ऊब कळते. तसं प्रमाणपत्र आहे आमच्याकडे."

माणसं माना डोलवत होती. म्हातारा मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं तिथूनच विचारलं, "माझा अंगठा तर सात गावांत पडलाय. त्याचं काय करायचं?"

लोकांना वाटलं, म्हातारा नेहमीसारखी गंमत करतोय. पण तो खरंच विचारत होता. त्याच्या घरचा माठ कानाचा असतो. कान म्हणजे उचलायची मूठ. ती ओली चिकटवताना खालच्या टोकाला अंगठा दाबावा लागतो, तरच ती धरते. म्हाताऱ्याचा बापही तसंच दाबायचा. प्रत्येक माठाच्या कानाखाली अंगठ्याचा एक खड्डा राहतो, आणि तो बघून लोक म्हणतात, हा त्याच्या घरचा. त्याच्या मालाला दुसरी खूण नव्हती आणि कधी लागलीही नव्हती.

"काका, ती माती," कंपनीचा माणूस हसून म्हणाला. "यंत्राला माती आणि माणूस यातला फरक कळतो."

"मग ठीक," म्हातारा म्हणाला. "मलाच कधीकधी कळत नाही."

सगळे हसले. जावयाचं तोंड मात्र उतरलं. गावासाठी डबी त्याच्याकडे राहणार होती, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि त्यावर फोटोही मिळणार होता. पहिल्याच दिवशी सासऱ्यानं चारचौघांत शोभा केली, असं त्याला वाटलं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, न कळणाऱ्या गोष्टीत तोंड घालू नये."

म्हाताऱ्यानं अंगठा नोंदवला. ताजा, रेघांचा, कारकुनासारखा अंगठा. डबीचा दिवा हिरवा झाला आणि आतली बाई म्हणाली, "ओळख पटली. आपले आभार."

ओढ्याकाठची मातीची खाण अशी कुलूपबंद झाली. तुकडा लहानच, पण माती लोण्यासारखी. दहा कोसांत तशी माती नव्हती. कौलांच्या कारखान्याची माणसं ती मागायला दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. खाण गेली तर चाक कशावर फिरवायचं? दुसरीकडची माती भट्टीत तडकायची. खाण होती म्हणून ते कुंभार होते, नाहीतर नुसते म्हातारा आणि लेक.

प्लास्टर काढल्यावर म्हातारा चाकावर बसला, पण मनगट आखडलेलं. पहिले चार माठ वाकडे झाले. एकाचं तोंड कलंडलेलं, एकाचं पोट एका बाजूला आलेलं. असा माल त्यानं कधी विकला नव्हता. भाजून घेतले आणि मागच्या खोलीत ठेवून दिले. तिथं एकात राख भरली, बाकीच्या तिघांवर धूळ बसली. महिनाभरात हात मोकळा झाला, माठ सरळ झाले, आणि अंगठा पुन्हा होता तसा गुळगुळीत झाला.

वर्ष गेलं. उन्हाळा डोक्यावर आला. पावसाचं पाणी खाणीत भरायच्या आत वर्षभराची माती खाणीतून काढून अंगणात ढीग घालायचा असतो, म्हणून म्हातारा भल्या सकाळी फावडं घेऊन जायचा तो उन्हं चढल्यावर परतायचा. अशाच एका सकाळी पांढऱ्या बुटांचं एक गिऱ्हाईक दारात आलं. लेक लाकडी चोपण्यानं माठाचं पोट ठोकत होती. तिनं हात पुसले.

गिऱ्हाईकानं भाव विचारला नाही. माठ उचलायचा, कान बघायचा, कानाखाली फोनचा उजेड पाडायचा, आणि ठेवून द्यायचा. वीस-पंचवीस माठ त्यानं असे बघितले. लेकीला राहवेना.

"काय बघता? गळत नाहीत आमचे."

"हाताचं काम हवंय," तो म्हणाला. "घरात मांडून ठेवायला. कारागिराच्या बोटांच्या रेघा दिसल्या की लोकांना खरं वाटतं. हे फारच गुळगुळीत आहेत हो."

लेकीला ते टोचलं. गुळगुळीतपणासाठी बापानं जन्म घातला आणि हा त्यालाच नावं ठेवतोय! पण गिऱ्हाईक परत जाऊ नये, असंही वाटलं. तिला मागच्या खोलीतले माठ आठवले.

"रेघांचे आहेत तीन. पण वाकडे आहेत. बाबा ते विकत नाहीत."

"बघू तरी."

तिनं धूळ झटकून ते बाहेर आणले. त्यानं कानाखाली उजेड पाडला आणि त्याचा चेहरा खुलला. तीनही घेतले, मागितलं त्याच्या दुप्पट दिलं, आणि एक तर अंगातला कोट काढून त्यात गुंडाळला. तो गेल्यावर लेक एकटीच खुदुखुदु हसली. शहरात सरळ माठ सोडून वाकड्यावर उड्या मारणारी माणसं राहतात म्हणायची! दुपारी जेवताना तिनं बापाला ते रंगवून सांगितलं. म्हातारा जेवता जेवता थांबला.

"कानाखाली बघत होता?"

"हो. रेघा हव्या होत्या म्हणे."

म्हाताऱ्यानं मागच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून जेवू लागला. जावई म्हणाला, "शेवटी वाकडा माल खपवला ना हिनं. तुम्ही उगाच अडवून ठेवता, मामा."

तीन आठवड्यांनी खाणीवर खोदायचं यंत्र आलं.

लेक पाटी घेऊन बापाच्या मागून चालली होती. ओढ्याच्या वळणावर आवाज ऐकू आला तेव्हा कुणाच्या तरी विहिरीचं खोदकाम चाललं असेल, असं तिला वाटलं. पुढं जाऊन बघते तर पिवळं धूड खाणीत उतरलेलं आणि त्याचा दात्यांचा हात मातीत गेलेला. वरची काळी माती, मधली रेती, खालची चिकणमाती, सगळं एकातच उपसून ते गाडीत टाकत होतं. वरचा थर बाजूला काढायला म्हातारा दोन-दोन दिवस घालवायचा. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही त्या मातीसाठीच.

"अरे, कालवू नका रे! माती कालवताय!"

तो फावडं घेऊन यंत्रापुढं उभा राहिला. चालकानं यंत्र थांबवलं. तोही बिचारा पोटार्थीच होता. "आजोबा, बाजूला व्हा. मला सांगितलंय तेवढं मी करतो."

मुकादमानं कागद दाखवला. खाण तीस वर्षांसाठी कौलांच्या कारखान्याला दिलेली. संमती अंगठ्यानं, शहरातल्या केंद्रावर, अमुक तारखेला.

लेकीनं तारीख वाचली. "या दिवशी आमची भट्टी पेटलेली होती. बाबा सकाळपासून तिथून हलले नाहीत. आख्ख्या गावानं बघितलंय."

"गावाला कोण विचारतं, ताई?" मुकादम म्हणाला. "अंगठा लागलाय."

म्हातारा खाली बसला. ओल्या मातीवरच बसला. यंत्र त्याला वळसा घालून पलीकडून खोदू लागलं. लेकीच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता, पण त्या धुडाला शिव्या तरी काय द्यायच्या!

दुसऱ्या दिवशी तिघं कचेरीत गेले. जावई पट्टा घालूनच आला होता. तो वाटेत दोनदा म्हणाला, "मामा, तुम्ही कधी चुकून कुठं अंगठा लावला असेल, आठवून बघा." 

कचेरीत लाकडी कठडा होता, त्यामागे कारकून. माणूस वाईट नव्हता. त्यानं म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, आणि डबी पुढं सरकवली. "तक्रार घेतो. पण आधी तुमची ओळख पटू दे."

म्हाताऱ्यानं अंगठा ठेवला. दिवा लाल झाला. "ओळख पटली नाही."

पुसून ठेवला. लाल. कारकुनानं कापूस भिजवून स्वतः अंगठा घासला. लाल. मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारबुवा, दुसऱ्याचा घेऊन आलात की काय!" रांग हसली. म्हातारा अंगठा डोळ्यांजवळ धरून बघत होता, आपलंच काहीतरी चुकलं असल्यासारखा. लेकीला ते बघवेना.

"अहो, चाळीस वर्षं मातीत हात आहे. रेघा राहतील कशा?"

"ते बरोबर आहे ताई. पण ओळख पटल्याशिवाय यांची तक्रार यांच्या नावानं घ्यायची कशी?"

"आणि त्या दिवशी कशी पटली?"

"त्या दिवशी पटली," कारकून म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते उत्तर होतं.

फार मागे लागल्यावर त्यानं त्या दिवशीच्या ठशाचा कागद छापून दिला. लांबी-रुंदीची पट्टी बाजूला आखलेली होती. म्हाताऱ्यानं कठड्याला टेकवलेल्या झाडूची एक काडी मोडली, कागदावरचा ठसा मोजला, काडीला नखानं खूण केली, मग ती आपल्या अंगठ्यावर धरली. काडी आखूड पडली. त्यानं पुन्हा मोजलं. मग काडी लेकीच्या हातात दिली.

"हा भाजलेला आहे," तो हळूच म्हणाला.

तिला त्यापुढं सांगावं लागलं नाही. ओल्या मातीचा माठ वाळताना आणि भाजताना आखडतो. त्यांच्या खाणीची माती दहात एक भाग आखडते. म्हणूनच झाकण करताना ते माप वाढवून धरतात. काडीही दहात एक भागानंच कमी पडत होती. पांढरे बूट तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. फोनचा उजेड, कोटात गुंडाळलेला माठ, आणि दुप्पट पैसे घेऊन हसणारी आपण. 

म्हातारा कारकुनाला समजावत होता. कारकुनानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "बाबा, तुमचं खरं असेल. पण या अर्जात मातीचा रकाना नाही."

परतताना जावई पुढं चालत होता. लेकीनं मागं राहून बापाला गाठलं.

"बाबा, ते माठ मी दिले."

"माहीत आहे मला."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

 "खूश होतीस," तो म्हणाला. "आणि मलाही वाटलं, एवढी शिकलेली माणसं प्रमाणपत्र घेऊन आलीत, आपल्या मडक्यानं कशी फसतील? मला वाटलं, मीच खुळा."

ती रस्त्यातच रडली. बापानं तिला गप्प केलं नाही, नुसता थांबला.

तिचं रडू दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी ती सुताराकडे गेली आणि सरसाचा खडा मागून आणला. लाकूड चिकटवायचा सरस पाण्यात तापवला की मधासारखा होतो, आणि निवला की त्याची लवचीक साल निघते. तिनं राखेचा चौथा माठ रिकामा केला. कानाखालचा खड्डा मऊ कुंचल्यानं साफ केला, त्यावर तेलाचं बोट फिरवलं, सरस ओतला आणि दुपारपर्यंत सावलीत ठेवला. ओला माल न मोडता उचलण्यात तिची वर्षं गेली होती. साल अलगद निघाली. उन्हात धरली तर बापाच्या त्या मऊ अंगठ्याच्या सगळ्या रेघा त्यावर होत्या. साल कागदासारखी पातळ होती. आपल्या अंगठ्यावर बसवल्यावर आपल्याच अंगाच्या उबेनं ती गरम झाली.

"हे काय चाललंय?" नवरा दारात उभा होता.

"तुमची डबी आणा."

"वेड लागलंय तुला?"

"आणा म्हणते ना."

ती स्वतःच उठली आणि खुंटीवरची डबी काढली. अंगठा ठेवला. दिवा हिरवा झाला. "ओळख पटली," आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपले आभार."

जावयानं डबी हिसकावून घेतली.  तो म्हणाला, "हे कुणाला दाखवू नकोस. माझं काम जाईल. चार माणसं मला नावानं हाक मारायला लागलीत आता कुठं." त्याच्या आवाजात रडू होतं. तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला. बापाची खाण चालली आहे आणि याला पट्ट्याची पडली आहे! "तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. पण तो आला.

कचेरीत घेत नव्हते ती तक्रार लेकीनं आधीच टपालानं पाठवली होती, म्हणून या वेळी कारकुनानं त्यांना आत साहेबांकडे पाठवलं. साहेब तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"बाई, मडक्यावरून अंगठा उचलता येत नाही. जिवंत बोट लागतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय, वाचा."

लेकीनं प्रमाणपत्र वाचलं नाही. साहेबाच्या टेबलावरच्या डबीवर तिनं आधी बापाचा अंगठा ठेवून दाखवला. लाल. मग पदराच्या गाठीतून सरसाची साल काढली, आपल्या अंगठ्यावर बसवली आणि ठेवली. हिरवा. पडद्यावर म्हाताऱ्याचा फोटो आला, खाली खाणीचा नकाशा.

"आता सांगा साहेब, जिवंत कोण आहे इथं?"

 दारात उभ्या कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं होतं. लेकीला वाटलं, झालं. जिंकलो. तिनं बापाकडे बघितलं. किती दिवसांनी म्हाताऱ्याची मान ताठ झाली होती.

साहेब उठला. त्यानं दार लावून घेतलं, परत येऊन बसला, आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. "ते यात टाका."

तिनं टाकलं.

"हे तुम्हीच बनवलं?"

"हो. सांगते की कसं—"

"नको. जेवढं बोललात तेवढं पुष्कळ झालं." तो आता अधिकच मऊ बोलत होता. "खोटा अंगठा बनवणं हा एक गुन्हा. तो जवळ बाळगणं दुसरा. सरकारी यंत्रावर माझ्यासमोर लावला, हा तिसरा. आता माझ्यापुढं प्रश्न असा आहे की त्या दिवशी शहरात खोटा अंगठा कुणी लावला असेल? कारखान्यानं? त्यांना हे जमतं, याचा माझ्याकडे काही पुरावा नाही. ज्यांना जमतं ते माझ्यासमोर बसलेत. आणि डबीही तुमच्याच घरात आहे."

"साहेब, ती खुळी आहे," जावई हात जोडून म्हणाला. "आई गेल्यापासून असंच करते. तिला काही कळत नाही."

लेक नवऱ्याकडे बघत राहिली. तो खालीच बघत होता.

"मी कशाला आमचीच खाण विकीन?" ती ओरडली.

"ते तुम्ही पोलिसांना सांगा. मी फक्त पाकीट पाठवणार." साहेबानं पाकिटावर हात ठेवला. "नाहीतर तक्रार मागं घ्या. तक्रारच नसेल तर मला पाकीटही पाठवायला नको. गावोगाव लोकांचा विश्वास बसलाय यंत्रावर. तो उडाला तर नुकसान कुणाचं? तुमच्यासारख्यांचंच."

लेक बोलणार होती. तुरुंगात टाका, पण मी मागं घेणार नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. चाकावरचा माठ कलायला लागला की तो असाच हात ठेवायचा, दाबून नाही, नुसता.

"मागं घेतो," म्हातारा म्हणाला.

"बाबा!"

"माती परत येत नाही, पोरी. ती त्यांनी कालवून टाकली. तू तेवढी आहेस." मग साहेबाला म्हणाला, "घेतो मागं. कुठं काय करायचं ते सांगा."

साहेबाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्यानं कारकुनाला बोलावून अर्ज काढायला सांगितला. कारकुनानं चार ओळी टंकल्या: तक्रार गैरसमजातून झाली, संमती माझीच होती, यंत्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग डबी म्हाताऱ्यापुढं सरकवली.

लाल.

त्यानं अंगठा धोतराला पुसला. लाल. कापूस आणला, घासला. लाल. डाव्या हाताचा लावून झाला. "ओळख पटली नाही," बाई म्हणत राहिली. कारकून घामाघूम झाला. साहेबानं घड्याळ बघितलं. ओळख पटल्याशिवाय तक्रार घेता येत नव्हती. या लोकांनी हट्टानं ती टपालानं पाठवून आत शिरवली होती. आता ओळख पटल्याशिवाय ती बाहेर निघेना.

कारकुनाची नजर हळूच टेबलावरच्या पाकिटाकडे गेली. साहेबानं ती पाहिली. मग तो उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला.

कारकुनानं पाकीट उघडलं. साल चिमटीत धरून लेकीपुढं केली. "ताई, तुम्हाला सवय आहे. बसवा जरा."

ती हलेना. तेव्हा म्हाताऱ्यानंच ती घेतली, जिभेनं ओली केली, आपल्या अंगठ्यावर बसवली आणि कडा नीट दाबल्या. माठाचा कान दाबावा इतक्या नीट. मग काचेवर ठेवली.

"ओळख पटली. आपले आभार."

जावयानं सुस्कारा सोडला. साहेब खिडकीतून वळला, म्हाताऱ्याला नमस्कार करून आतल्या खोलीत निघून गेला. कारकुनानं साल पुन्हा पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, त्यावर म्हाताऱ्याचं नाव आणि खाणीच्या पलीकडच्या त्यांच्या घराचा नंबर लिहिला, आणि खण उघडून आत ठेवलं. लेकीनं वाकून बघितलं. खणात तसली आणखी पाकिटं होती.

म्हातारा दारापर्यंत जाऊन परत फिरला.

"तेवढं ते आम्हाला द्या ना. माझं आहे ते."

"असू द्या इथं," कारकून म्हणाला. माणूस खरंच वाईट नव्हता. त्याला म्हाताऱ्याची दया आली होती. "किती लांबून येता, बाबा. उन्हातान्हाचं, या वयात. पुढच्या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल."